फितीचं दुसरं टोक

पहिलं घर घेणारा माणूस मी माझ्या नोकरीत फार जवळून पाहिला. एरवी शहाणासुरता असलेला हा माणूस त्या दिवसांत कामातून गेलेला असतो. भिंतींवर थापा मारतो, आढ्याकडं बघून मान हलवतो, परसातल्या लिंबाखाली उभा राहून उगाच खोल श्वास घेतो, आणि घरधन्यानं कपाट सरकवून लपवलेली ओल सोडून बाकी सगळं पाहतो. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगतं, "आधी मोजणी करून घ्या." तिथून पुढं तो माझ्या तावडीत यायचा.

निजामी अमलात औरंगाबादेत मी मोजणीच्या कामावर होतो. कचेरीचा कारभार उर्दूत. मोजणीला तिथं पैमाइश म्हणत, म्हणून अख्खं शहर मला 'पैमाइशवाले' म्हणायचं. माझं पाळण्यातलं नाव फक्त माझ्या आईला ठाऊक होतं, आणि पुढं पुढं तीही 'पैमाइशवाले आले का घरी?' असंच विचारू लागली.

काम तसं सरळ होतं. घर घेणाऱ्यानं अर्ज द्यायचा. मी जाऊन घर मोजायचं, शेजारी कोण राहतं, कुठली भिंत कुणाची, पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, कुठल्या झरोक्यातून कुणाचं घर दिसतं, हे सगळं नकाशावर उतरवायचं. सही झाली की विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तो नकाशा बांधील. शेतासाठी आमच्याकडं लोखंडी साखळी असायची आणि घरासाठी कापडी फीत, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. फितीच्या टोकाला पितळेची कडी. डबी माझ्या हातात आणि कडी चाँदभाईच्या. चाँदभाई हा माझा मदतनीस. अंगानं पैलवान, पण कुत्र्याला इतका भ्यायचा की ज्या घरात कुत्रं असेल तिथली कडी मलाच न्यावी लागे आणि डबी तो दाराबाहेर उभा राहून धरायचा.

खरी अडचण वेगळीच होती. शहरातल्या पुष्कळ घरांत पडदा होता. मुसलमानांच्या घरांत तर होताच, पण अंमलदारीतल्या हिंदू घरांतल्या बायकाही परक्या पुरुषासमोर येत नसत. घराचा पुढचा भाग पुरुषांचा, तिथं मी खुशाल हिंडायचो. मागचं अंगण, चूल, आतल्या खोल्या हा जनाना. तिथं सरकारचा हुकूम चालायचा, सरकारचा माणूस चालायचा नाही. मग अर्धं घर मोजायचं कसं?

त्याची आमच्याकडं एक रीत पडून गेली होती. मधल्या दारावर पडदा सोडायचा. मी डबी घेऊन अलीकडं, आणि पितळी कडी पडद्याखालून पलीकडं. आतली कुणीतरी बाई ती उचलून समोरच्या भिंतीला नेऊन टेकवायची. तिनं 'हौ' म्हटलं की मी आकडा वाचायचा. मग दुसरी भिंत, मग तिसरी. मी अशी किती अंगणं मोजली असतील देव जाणे, पण त्यातलं एकही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नुसत्या आवाजावर नकाशे काढले, आणि त्यावरून कधी तंटा झाला नाही याचा मला आजही अभिमान आहे.

नाही म्हणायला एकदा फजिती झाली होती. सिल्लोडला एका सरकीच्या व्यापाऱ्याचं घर मोजत होतो. अंगणाची रुंदी वाचली तर वीस फूट. खात्रीसाठी पुन्हा वाचली तर चोवीस. तिसऱ्यांदा सतरा. चाँदभाईचा चेहरा पांढरा पडला. "साहब, ये घर साँस लेरा," तो म्हणाला. शेवटी पडद्याआडून खुसखुस ऐकू आली तेव्हा उलगडा झाला. आतल्या पोरींना कडी धरून उभं राहायचा कंटाळा आला होता, म्हणून त्यांनी ती बकरीच्या गळ्यात बांधली होती. बकरी कडब्याकडं गेली की घर वाढायचं आणि पाण्याकडं आली की आटायचं.

हा किस्सा मी पुढं ज्याला त्याला सांगायचो, आणि तेच एकदा माझ्या अंगलट आलं. कारण तो मी विनायकराव मास्तरांना सांगितला.

मास्तर सरकारी शाळेत गणित शिकवायचे. खिशात कायम खडू. बोलताना मुद्दा पटवायचा झाला तर समोरच्या फरशीवर आकडे मांडायचे. घर घेण्याआधी त्यांनी इतकी घरं पाहिली होती की दलाल त्यांना बघून गल्ली बदलत. एका घराला नाकारण्याचं कारण असं की जिन्याच्या पायऱ्या सम होत्या, आणि त्यांना विषम हव्या होत्या. पण माणूस अडलेला होता. गुलमंडीजवळ तांबटाच्या दुकानावर एका खोलीत ते बायकोसह राहात होते. खाली सकाळपासून दिवे लागेपर्यंत हंडे-घागरींवर हातोडे पडायचे. त्या ठणठणाटात नवराबायकोत बोलणं म्हणून होत नव्हतं. भाकरी हवी की नको हे हातानं, पाणी हवं ते अंगठ्यानं. लग्न झाल्यापासूनचा त्यांचा संसार हा असा खुणांवर चाललेला. आता बायकोला दिवस गेले होते. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच होणार होतं. त्या हातोड्यांच्या वर तान्हं मूल निजणार कसं? वैशाखाच्या आत घर पाहिजेच होतं.

बायकोचं नाव गोदा. अजिंठ्याच्या बाजूची, खेड्यात वाढलेली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मास्तरांच्या मागं चार पावलांवर पदर सावरत उभी होती. मी म्हटलं, "बाईंना घर पसंत आहे ना?" मास्तर म्हणाले, "ती फारशी बोलत नाही. स्वभावच तसा आहे." मी मान डोलावली. माझ्याही घरात तेच होतं. आमची सरस्वती घराबाहेर पडायची नाही की कुणात मिसळायची नाही. आपण बरं, आपली चूल बरी. मला त्याचंही थोडं कौतुकच होतं.

मास्तरांनी पसंत केलेलं घर आमच्याच मोहल्ल्यात, खाम नदीच्या अंगाला होतं. एकाला एक लागून पाच घरांची रांग. त्यांचं दुसरं, आणि आमचं अगदी शेवटचं. घर होतं बडी अम्माचं. सगळा मोहल्ला त्या म्हातारीला याच नावानं ओळखायचा. नवरा जाऊन कैक वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादेत नोकरीला होता आणि आईला तिकडं बोलावत होता. मी तिचा शेजारी असून तिला कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र ओळखीचा होता, जाडाभरडा आणि हुकमी.

मोजणीच्या दिवशी मास्तर स्वतःची फूटपट्टी घेऊन आले आणि आधी त्यांनी माझी फीत मोजली. नंतर म्हणाले, "आत कडी कोण धरणार?"

"बडी अम्माच धरतील," मी म्हटलं.

"म्हणजे विकणारी. फितीचं एक टोक विकणाऱ्याच्या हातात देऊन मोजणी करायची? तुमची ती बकरी परवडली की मग."

मास्तरांनीच तोड काढली. गोदा बाईमाणूस, तिला आत जायला कुणाची हरकत नाही. त्यांनी तिला बाजूला घेतलं, कडी तिच्या मुठीत दिली आणि वर्गातल्या पोराला बजावावं तसं बजावलं, "काय वाटेल ते झालं तरी ही हातातून सोडायची नाही. समजलं?" तिनं मान हलवली आणि पडद्याआड गेली.

आता घर बाहेरून मी आधीच मोजलं होतं. रुंदी चाळीस फूट. भिंतींची जाडी वजा जाता अंगण फार तर पस्तीसचं निघणार, हा माझा हिशोब. मी फीत सोडू लागलो. आतून बडी अम्माचा आवाज आला, "और छोडो." मी सोडली. पस्तीस झाले, फीत थांबेना. "और छोडो." चाळीस झाले. मी चाँदभाईकडं पाहिलं, चाँदभाईनं बकरी कुठं दिसते का म्हणून पडद्याखालून वाकून पाहिलं. "और छोडो," आवाज जरा लांबून आला. पन्नास. साठ.

मास्तर माझ्या कानाशी आले. त्यांचे डोळे चकाकत होते. "घर आतून मोठं आहे," ते कुजबुजले. "म्हातारीला पत्ताच नाही. बोलू नका, वाचत राहा." आणि खाली बसून खडूनं फरशीवर गुणाकार करू लागले. बाहेरून लहान आणि आतून मोठं घर या जगात असू शकत नाही, हे गणिताच्या मास्तरांना मी काय सांगायचं? पहिलं घर घेणाऱ्याचं हे असं असतं.

"और छोडो," आता अगदी बारीक ऐकू आलं. ऐंशी. नव्वद. मग फीत संपली आणि डबीला असा हिसका बसला की ती माझ्या हातातून सुटून पडद्याकडं पळाली. चाँदभाईनं झेप घेऊन ती धरली आणि ओढली. पलीकडून कुणीतरी ओढली. थोडा वेळ अशी रस्सीखेच झाली. मग सगळं शांत.

"ऐकलं का?" मास्तरांनी हाक मारली. उत्तर नाही. उत्तर न येण्याची त्यांना सवय होती, त्यामुळं ते पुन्हा गुणाकाराला लागले. आम्ही बसून राहिलो. चाँदभाईनं विडी ओढून संपवली. मी पडद्यावरची फुलं पाहात बसलो. आत एक बाई माझी फीत घेऊन गेली होती आणि तिच्यामागं जाता येत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला. पाठोपाठ दारातून शेजारचे उस्ताद आत शिरले. उस्ताद हिमरू विणायचे, त्यांचा माग घरातच होता. पायात जोडा नाही, हातात धोटा तसाच.

"पैमाइशवाले, मेरे घर में से सडक निकालरे तुम?"

"कसली सडक?"

"फिर तुम्हारा फीता मेरे सेहन में कैसा आया? खंबे को बंधा हुआ है. नोटिस नहीं, कुछ नहीं. मेरा माग किधर जाएगा?"

मागोमाग दारात माणसं जमली. सरकार मोहल्ल्यातून रस्ता काढतंय ही बातमी एव्हाना पार नदीपर्यंत गेली होती. एक म्हणाला, "माझा गोठा जाणार का?" दुसरा म्हणाला, "जाऊ दे, भरपाई मिळते." चाँदभाई हळूच माझ्या मागं सरकला, आणि त्याच्या मापाच्या माणसाला माझ्यामागं लपणं जमण्यासारखं नव्हतं.

मी उस्तादांना शांत केलं, जमावाला बाहेर घालवलं आणि पडद्यापाशी जाऊन विचारलं, "बडी अम्मा, माझी फीत उस्तादांच्या अंगणात कशी गेली?"

म्हातारी परत आली होती. पडद्याआडून सुस्कारा ऐकू आला. मग ती आमच्याशी बोलताना बोलायची तशा निम्म्या मराठीत म्हणाली, "खिडकीतून गेली. आणिक कशी जाणार?"

आता हे मला नवीन होतं असं नाही. जुन्या घरांत दोन अंगणांमधल्या भिंतीला वाकून जाण्याइतकं लहान दार ठेवायची चाल होती, त्याला खिडकी म्हणत. बायकांना गल्लीत पाऊल न टाकता शेजारणीकडं जाता यावं म्हणून. उस्तादांनाही त्यांच्या घरातली खिडकी ठाऊक होती. पण ती फक्त बडी अम्माच्या घरात उघडते असं ते धरून चालले होते. पहिल्या घरवाल्यांना त्यांची ठाऊक, चौथ्या घरवाल्यांना त्यांची. प्रत्येक पुरुषाला आपल्या घरापुरतं एक दार माहीत होतं. पुढच्या दारापर्यंत जायचं तर परक्या जनान्यातून जावं लागणार, तेव्हा ते कुणी पाहिलं नव्हतं. एकामागं एक उघडणाऱ्या त्या दारांची एक अख्खी गल्ली होती आणि तिथं रोजची वर्दळ होती. ताक, विरजण, मेंदी, बाळांची अंगडी, पापड, सासवांची गाऱ्हाणी, सगळं तिथून जायचं. मी या मोहल्ल्याचे नकाशे वर्षानुवर्षं काढत होतो आणि त्यांतला सगळ्यांत वाहता रस्ता माझ्या कागदावर नव्हता.

"आणि आमच्या बाई?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा खडू हातातच राहिला होता.

"पोरीला चक्कर येत होती. दोन जिवांची बाई, सकाळपासून उभी. माझ्याकडचा चहा तिला चालायचा नाही, म्हणून तिला पलीकडं हिंदूच्या घरी घेऊन निघाले. कडी सोड म्हटलं तर सोडीना. म्हणे, मालकांनी सांगितलंय. मग कडी घेऊनच चालली. फीत संपली तेव्हा मी उस्तादच्या खांबाला कडी बांधली आणि मी राखण बसते म्हटलं, तेव्हा कुठं उस्तादच्या बीवीबरोबर पुढं गेली."

इथं कुणीही हसलं असतं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी गुणाकाराकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि ते तडकले.

"म्हणजे मी जे घर घेतोय त्यातून सार्वजनिक रस्ता आहे. माझ्या अंगणातून दिवसभर माणसं येणार-जाणार."

"माणसं नाय, औरतां," बडी अम्मानं दुरुस्ती केली.

"ते दार बुजवून मिळालं तरच मी घर घेणार. पैमाइशवाले, नकाशावर ते दाखवायचं नाही. उद्याच गवंडी बोलावतो."

"दार बुजवणार असशील तर घर नाय देत," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मी चालले हैदराबादला. पण दार नाय जात कुठं. पैमाइशवाले, तुम बी सुनो. कागज पे ये रास्ता नक्को लाओ. कागज पे आया तो मर्दां वकील करते."

आता माझी अवस्था बघा. नकाशावर मी दार आणि वाट दाखवली की ती वहिवाट ठरते, मग घर घेणाऱ्याला ती अडवता येत नाही. नाही दाखवली तर तो त्याच्या मर्जीचा मालक. विकणारी म्हणते दाखवू नका, घेणारा म्हणतो दाखवू नका. माझ्या सगळ्या नोकरीत दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं, आणि तरी व्यवहार मोडत होता. मास्तरांच्या तोंडावर तांबटाचे हातोडे दिसत होते. वैशाख तोंडावर आला होता. दुसरं घर मिळण्याची आशा नव्हती. पण हट्ट मोठा. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते उठले.

तेवढ्यात पडद्यामागून हसू आलं. बायका खिडकीतून वाकून अंगणात येत असाव्यात. आधी दोन तरण्या बायकांचं एकमेकींत मिसळलेलं हसू, मग बडी अम्माचं खोकल्यासारखं तिसरं. काय झालं होतं कुणास ठाऊक. पण त्यांतलं एक हसू असं होतं की ते थांबायला बघायचं आणि पुन्हा उसळायचं, तोंडावर पदर दाबून धरला तरी बोटांतून निसटणारं. माळावर मोठं होणाऱ्या पोरींचं असतं तसं, मोकळं.

मास्तर दाराशी थबकले. "कोण हसतंय?" त्यांनी विचारलं.

बडी अम्माकडं तरणीताठी सून नव्हती, लेक नव्हती. शेजारची एखादी असेल, पण ते उसळतं हसू शहरातलं नव्हतं. मला हिशोब लागला.

"तुमच्याच घरच्या आहेत," मी म्हटलं. आणि जरा ऐटीतच पुढं म्हणालो, "मास्तर, स्वतःच्या बायकोचं हसणं ओळखू येत नाही होय?"

ते परत आले आणि पडद्यासमोर मांडी घालून बसले. आत हसणं चालू होतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ते ऐकत राहिले. इतका हिशेबी माणूस, पण त्या घडीला त्याचा चेहरा पाहवत नव्हता. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

थोड्या वेळानं गोदा बाहेर आली. पदर डोक्यावर, नजर खाली. पण तोंड अजून सरळ होत नव्हतं. पितळी कडी तिच्या मुठीत होती. ती तिनं मास्तरांच्या हातात दिली.

"आवं, म्या सोडली नव्हती," ती म्हणाली. "अम्मांनीच बांधून ठिवली."

"बरं," मास्तर म्हणाले.

"घर लई चांगलं हाय."

"त्या दारातून बायका येतील-जातील. दिवसभर."

"व्हय," गोदा म्हणाली. "म्हणून तर."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ओणवे झाले आणि फरशीवरचे आकडे तळव्यानं पुसून काढले. मग पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "अम्मा, गवंडी नाही आणणार."

राहिला माझा नकाशा. आमच्या कामाचा एक नियम होता: मोजणाऱ्यानं जिथं स्वतः पाऊल ठेवलं नाही, ती वाट त्यानं नकाशावर काढायची नाही. हा नियम शेतांसाठी केलेला होता. मी तो त्या दिवशी अंगणाला लावला. गोदानं मग रीतसर दोन भिंतींना कडी टेकवली, अंगण चौतीस फुटांचं भरलं, आणि नकाशावर खिडक्यांच्या भिंतींच्या जागी मी सरळ रेघा मारल्या.

संध्याकाळी घरी गेलो तर सरस्वती म्हणाली, "झाली का एकदाची मोजणी? उस्ताद उगाच घाबरले." मी चपापलो. तसं पाहिलं तर हे नेहमीचंच होतं. गावात काय झालं ते मी घरी सांगायच्या आधी तिला ठाऊक असायचं. मी समजायचो, कामवाली सांगते.

"तुला कुणी सांगितलं?"

"बडी अम्मा म्हणाल्या ना, पलीकडं हिंदूच्या घरी नेलं म्हणून. या रांगेत हिंदूचं घर कुठलं आहे?" तिनं चुलीमागच्या लाकडी फळीकडं बोट दाखवलं. ते दार मला माहीत होतं. त्याच्यामागं शेजाऱ्यांची लाकडं असतात असं मी गृहीत धरलं होतं. "चांगली आहे पोर. दोन कप चहा प्यायली. आल्याचा."

घराबाहेर न पडणारी, कुणात न मिसळणारी माझी बायको त्या गल्लीच्या टोकाला राहात होती.

महिन्याभरात बडी अम्मा निघाली. तिच्या पेट्या आणि भांडी तिच्या पुढच्या दारातून गेली. ती त्या दारातून गेली नाही. टांगा तिनं आमच्या दाराशी उभा करायला सांगितला होता. मी ओसरीवर होतो. आत चुलीमागची फळी सरकल्याचा आवाज झाला आणि बऱ्याच वेळानं बुरख्यातली एक ठेंगणी आकृती आमच्या माजघरातून बाहेर आली. आवाजावरून मी तिला धिप्पाड समजत आलो होतो. पहिल्या घरापासून एकेका अंगणात थांबत, एकेकीचा निरोप घेत ती तिच्या वाटेनं शेवटपर्यंत चालत आली होती. ओसरीवर ती क्षणभर थांबली. "पैमाइशवाले, अच्छा घर है तुम्हारा," म्हणाली, आणि टांग्यात बसली.

गोदाला वैशाखात मुलगी झाली. बारशाला मी गेलो होतो. पुरुषांची पंगत बाहेरच्या खोलीत. वाढायला पाच घरांची पक्वान्नं येत होती आणि गल्लीतलं एकही दार उघडत नव्हतं. मास्तर आग्रह करकरून वाढत होते. आत हसण्याचा कल्लोळ झाला की हातातलं ताट घेऊन ते थांबायचे, आणि मग लोकांना सांगायचे, "ही आमची आहे हां."

पुढं राज्य गेलं, कचेरी बदलली, फिती पोलादी आल्या. ती रांग पाडून आता तिथं दुकानं झाली आहेत. पाडताना मी उभा होतो. भिंती एकेक करून खाली आल्या आणि चारही खिडक्या एका रेषेत, एकीतून दुसरी दिसेल अशा, उघड्या पडल्या. तेव्हा मी ती गल्ली पाहिली. तिथं चालणारं कुणी उरलेलं नव्हतं, याचं वाईट वाटलं.

हे सगळं दिवाळी अंकासाठी लिहून झालं आणि काल मी ते सरस्वतीला वाचून दाखवलं. तिला आता नीट दिसत नाही. ती हातानं चाचपत डाळ निवडत ऐकत होती. वाचून झालं तसं म्हणाली, "हसणाऱ्या तीन होत्या असं लिहिलंय ना?"

"हो. गोदा, बडी अम्मा, आणि एक शेजारची कुणी."

"शेजारची कुणी," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं. "गोदाला परत पोचवायला कोण गेलं होतं असं वाटतं तुम्हाला? तिला वाट ठाऊक होती का? मी पडद्याच्या पलीकडं हातभर अंतरावर उभी होते. तुम्ही मास्तरांना काय म्हणालात तेही ऐकलं." मग तिनं माझा तेव्हाचा ऐटबाज आवाज काढला, "मास्तर, स्वतःच्या बायकोचं हसणं ओळखू येत नाही होय?"

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावला, तरी थांबेना. डाळ सांडली. स्वयंपाकघरातून सूनबाईनं विचारलं, "बाबा, कोण हसतंय?"

मी सांगितलं, "तुझी सासू आहे."